पुदिन्याची एक जुडी: घरचं सिरप आणि थंडगार कॉकटेल्स

मोहितोच्या, म्हणजे रम, लिंबू, पुदिना आणि सोड्याच्या कॉकटेलच्या, एका ग्लासला पुदिन्याची आठ-दहा पानं लागतात. भाजीवाल्याकडे मिळते ती अख्खी जुडी. उरलेली जुडी प्लास्टिकच्या पिशवीसकट फ्रिजच्या खालच्या ट्रेमध्ये जाते, दोन-तीन दिवसांत काळी पडते, चिकट होते आणि कचऱ्यात जाते. म्हणून पुदिन्याची कॉकटेल्स घरी करायची असतील तर जुडी ज्या दिवशी घरात येईल त्याच दिवशी तिचं सिरप करून टाका. कोण येणार, रम आहे का, सोडा आणलाय का, ही चौकशी नंतर. बाटली तयार असली की शुक्रवारी रात्री लोकलचे धक्के खाऊन आल्यावरही पाच मिनिटांत बरं पेय बनतं. घरात न पिणारे असतील तर त्यांनाही तीच बाटली चालते.

नियमाचं आधीच उरकून टाकू. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. वयाची अट बिअर-वाइनला २१ वर्षं, रम-जिन-व्हिस्कीला २५. घरी पार्टी ठेवणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.

जुडी बघून घ्या

सकाळी दादर स्टेशनबाहेर पश्चिमेला किंवा पार्ल्याच्या बाजारात गेलात तर पुदिना ताठ मिळतो. संध्याकाळी तोच पाणी मारून मारून ताजा दाखवलेला असतो. जुडी उलटी करून देठांची टोकं बघा. ती काळी, बुळबुळीत असतील तर आतली पानंही त्याच वाटेवर आहेत. पान चोळून वास घेऊ द्यायला भाजीवाले कुरकुर करत नाहीत. एक पान चोळा. वास गोडसर आणि स्वच्छ यायला हवा, गवतासारखा नको. पावसाळ्यात माती फार असते, त्यामुळे नळाखाली नुसती जुडी धरून भागत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पानं बुडवा, वर काढा, पाणी बदला. तळाला रेती दिसायची थांबली की झालं.

बाजारातला हा पुदिना बहुतेक वेळा स्पिअरमिंटच्या जातीचा असतो. त्याचा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. मेंथॉल, म्हणजे जिभेला गार वाटायला लावणारं द्रव्य, त्यात फारसं नसतं. ते पेपरमिंटमध्ये आणि उत्तर प्रदेशात तेलासाठी पिकवतात त्या पुदिन्यात भरपूर असतं. मेंथॉलने तोंड खरंच थंड होत नाही. ते थंडी ओळखणाऱ्या रिसेप्टरला चेतवतं आणि मेंदूची फसगत होते. हा रिसेप्टर ज्यांनी शोधला त्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना तापमान आणि स्पर्शाच्या रिसेप्टरांवरच्या कामासाठी २०२१ चं नोबेल मिळालं. आपल्या कामाचा भाग एवढाच, की आपल्या पुदिन्यातून मिळतो तो वास. गारवा बर्फाने आणायचा. पेय पुरेसं थंड लागत नाही म्हणून मूठभर पुदिना वाढवलात तर ते फक्त कडवट होईल. किराणा दुकानातलं पेपरमिंट इसेन्स तर अजिबात घालू नका, ग्लासाला टूथपेस्टचा वास येतो.

आधी साधा पाक

सगळ्या सिरपांचा पाया साखर आणि पाणी. प्रमाण वजनाने समसमान: २०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी. यातून साधारण ३२० मिली सिरप निघतं. लाडवांचा पाक करणाऱ्या हातांना इथे सवय मोडावी लागते. तार बघायची नाही, एकतारीच्याही खूप अलीकडे थांबायचं. पाणी गरम करा, साखर घाला, ढवळा, विरघळली की गॅस बंद. उकळत ठेवलंत तर पाणी उडून जातं, प्रमाण बिघडतं आणि पुढच्या प्रत्येक ग्लासात गोडी अंदाजपंचे होते.

दुप्पट साखरेचा पाकही करतात, ४०० ग्रॅमला २०० मिली. तो जास्त टिकतो, पण थंड झाल्यावर कधीकधी बाटलीत साखर धरते. रोजच्या कामाला समसमानच बरा. स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये महिनाभर राहतो. बाटली उकळत्या पाण्याने विसळून पूर्ण कोरडी करून घ्या. ओलसर बाटली आणि उष्टा चमचा, बुरशी येते ती या दोन वाटांनी.

हिरवं पुदिना सिरप

पुदिना काळा का पडतो हे कळलं तर कृतीतली एकही पायरी गाळाविशी वाटत नाही. पान चिरडलं की त्यातलं एक एन्झाइम हवेच्या संपर्कात येऊन रंग तपकिरी करतं. कापून ठेवलेलं सफरचंद लाल होतं तेही त्याच जातीच्या एन्झाइममुळे. ते मारायला काही सेकंदांची कडक उष्णता पुरते. पण उष्णता लांबली की हरितद्रव्यच बिघडतं आणि रंग शेवाळी होतो. आंबटपणानेही तेच होतं. म्हणजे गरम करायचं, पण क्षणभर. आणि या सिरपमध्ये लिंबू पिळायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

१. जुडी खुडून घ्या. पानं आणि कोवळे शेंडे घ्या, जाड देठ बाजूला. साधारण ४० ग्रॅम पानं हवीत, म्हणजे दाबून न भरलेल्या दोन मोठ्या वाट्या.

२. वरचा साधा पाक करून पूर्ण गार करा, फ्रिजमध्ये ठेवून थंडच केलात तर उत्तम. कोमट पाकात सगळी मेहनत वाया जाते.

३. एका पातेल्यात पाणी खळखळून उकळा. शेजारी बर्फाच्या पाण्याचं भांडं तयार ठेवा, आधीच. पानं उकळत्या पाण्यात टाकून मग बर्फ काढायला फ्रिजकडे जायचं नाही.

४. पानं उकळत्या पाण्यात टाका, पंधरा सेकंद मोजा, झाऱ्याने उचलून थेट बर्फाच्या पाण्यात. पानांचा रंग या वेळी एकदम पोपटी-गडद होतो. अर्धा मिनिट थांबून पानं हाताने घट्ट पिळा.

५. पिळलेली पानं आणि गार पाक मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घालून तीस-चाळीस सेकंद फिरवा. जास्त नको, मिक्सरचं भांडं तापतं.

६. मलमलच्या किंवा जुन्या धुतलेल्या सुती कापडातून गाळा. चहाची गाळणी चालते, पण ग्लासाच्या तळाला मग हिरवा गाळ बसतो.

कापडात उरलेला चोथा टाकू नका. तो गोड आहे, पुदिन्याचा आहे. कैरी, हिरवी मिरची आणि मीठ घालून वाटला की भेळेवर घालायची चटणी झाली.

हे सिरप फ्रिजमध्ये आठवडाभर हिरवंगार राहतं. पुढे रंग उतरत जातो, चव आणखी थोडे दिवस टिकते. जास्त टिकवायचं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. साखरेमुळे हे खडे दगडासारखे घट्ट होत नाहीत, जरा मऊच राहतात. ते डब्यात काढून फ्रीझरमध्ये ठेवले की दोन-तीन महिने चिंता नाही. एका खड्यात साधारण १५ ते २० मिली सिरप असतं, म्हणजे एका पेयाला एक खडा. पार्ट्या क्वचित करणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा.

दुसरी, आळशी रीतही आहे: पाक उतरवा, पाचेक मिनिटं निवू द्या, पानं घालून वीस मिनिटं झाकून ठेवा, गाळा. रंग फिकट तपकिरी येतो आणि चव थोडी चहाच्या अंगाने जाते. व्हिस्कीच्या पेयात ती उलट छान लागते. फक्त पानं गॅसवर पाकाबरोबर उकळू नका, शिजवलेल्या पालेभाजीचा वास येतो.

पुदिन्याला जोडीदार

पुदिना एकटा थोडा पोरकट लागतो. त्याला जोड हवी आणि आपल्या बाजारात ती आयती आहे.

माझी पहिली पसंती कोकमाला. इथे आमटीतली खारवलेली आमसुलं चालणार नाहीत, बिनमिठाचं सुकं कोकम मागून घ्या. १०० ग्रॅम कोकम ४०० मिली गरम पाण्यात तीन-चार तास भिजवा, हाताने कुस्करा, गाळा. त्या पाण्यात ४०० ग्रॅम साखर घालून मंद आचेवर विरघळवा आणि उतरवताना अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सैंधव. पातेलं स्टीलचं घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं नको, कोकमाची आंबटी त्याला लागते. एप्रिल-मेमध्ये गावाहून ओले रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, आली तर गॅसही लागत नाही: बिया काढलेल्या सालींच्या वाट्यांत साखर भरून, काचेच्या बरणीत रचून काही दिवस उन्हात ठेवतात, ते अमृत कोकम. ते कॉकटेलमध्ये तसंच वापरता येतं आणि विकतच्या कुठल्याही सिरपाला मागे टाकतं.

गवती चहाचं सिरप सगळ्यात सोपं. पाच-सहा पाती कात्रीने कापून, आल्याचा इंचभर तुकडा ठेचून, दोन्ही २०० मिली पाण्यात झाकण ठेवून दहा मिनिटं उकळा. गाळून जेवढं पाणी उरेल तेवढ्याच वजनाची साखर. पुदिन्याला चालत नाही ते गवती चहाला चालतं; तो उकळून घेतो, कुरकुर नाही.

वाळ्याचं सिरप काष्ठौषधींच्या दुकानातल्या मुळ्यांपासून करा. २५ ग्रॅम मुळ्या नीट धुवून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी मंद तापवून दोनदा गाळा, पाण्याच्या वजनाइतकी साखर घाला. रंग फिकट पिवळसर-तपकिरी येईल. बाजारातला भडक हिरवा रंग बाटलीवाल्याचा असतो, वाळ्याचा नव्हे.

सामान आणि बर्फ

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची लोणच्याची रिकामी बरणी चालते, आधी वास घालवा म्हणजे झालं. मडलर, म्हणजे पानं दाबायचा दांडा, नसेल तर खलबत्त्यातला बत्ता किंवा लाटण्याचं टोक. पण पेग मेजर मात्र घ्या, ३० आणि ६० मिलीचं, दोन तोंडांचं. कॉकटेलमध्ये पाच मिली लिंबाने फरक पडतो आणि 'अंदाजे ओततो' म्हणणाऱ्यांचा पहिला ग्लास चांगला लागला तरी दुसरा तसा लागत नाही. कागदी लिंबातून साधारण १५ ते २० मिली रस निघतो. पिळण्याआधी ते ओट्यावर तळहाताखाली रगडून घ्या. बाटलीतला लिंबूरस नको.

बर्फाकडे घरात सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. फ्रीझरमध्ये शेजारी बोंबील असतील तर बर्फालाही बोंबिलाचा वास लागतो आणि पुदिन्याच्या पेयात तो लगेच कळतो. गाळलेलं पाणी, झाकणाचा डबा आणि शक्य तेवढे मोठे खडे. मेच्या उकाड्यात लहान खडे ग्लासात पडल्या पडल्या पाणी होतात. बाहेरून बर्फ आणायचा तर खाण्याचा आहे ना, हे विचारूनच आणा. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात आहे तो याच गोंधळासाठी. सोडा आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये हवा. थंड द्रवात वायू जास्त विरघळून राहतो. गरम सोडा बर्फावर ओतलात की फसफसून अर्धी मजा तिथेच उडून जाते.

आता ग्लास भरू

मोहितो क्यूबाचा. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत ४५ मिली व्हाइट रम, २० मिली ताजा लिंबूरस, पुदिन्याच्या सहा काड्या, दोन चमचे साखर आणि वर सोडा. आपण साखरेच्या जागी २० मिली पुदिना सिरप घेतो, त्यामुळे ताज्या पुदिन्याचं काम कमी होतं: आत पाच-सहा पानं, वर एक शेंडा.

उंच ग्लासात पानं टाका, त्यावर सिरप आणि लिंबूरस. आता बत्त्याने पानं दाबायची, कुटायची नाहीत. पुदिन्याचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. चार-पाच वेळा हलकं दाबून बत्ता जरा फिरवला की ते सुटतं. पान फाटलं की मागून येतो तो कडू हिरवा रस, आणि स्ट्रॉमध्ये अडकणारे तुकडे वेगळेच. मग रम घाला, ग्लास बर्फाने काठोकाठ भरा, सोडा हळूच कडेने ओता, साधारण ९० मिली. लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला. शेवटी शेंडा तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी द्या आणि ग्लासात खोचा, स्ट्रॉच्या अगदी शेजारी, म्हणजे घोट घेताना नाक त्याच्यात जातं. चवीपेक्षा इथे नाकाचंच काम जास्त.

जिन आवडत असेल तर साउथसाइड करा. माझ्या मते घरात करायला मोहितोपेक्षा हेच सोपं, कारण सोड्याचं लफडं नाही. ६० मिली जिन, २५ मिली लिंबूरस, २० मिली पुदिना सिरप आणि चार-पाच पानं बरणीत घालायची, बर्फ भरायचा, झाकण घट्ट लावून दहा-बारा सेकंद जोरात हलवायचं. बरणीला बाहेरून दव धरलं आणि हाताला झोंबायला लागलं की थांबा. बारीक गाळणीतून थंड केलेल्या ग्लासात ओता, आत बर्फ नको. जिन साधी, लंडन ड्राय पद्धतीची घ्या. मसाल्यांच्या, फुलांच्या जिनमध्ये पुदिना हरवतो. यात पूर्ण मोठा पेग आहे आणि लागतं सरबतासारखं, म्हणून दुसरा भरण्याआधी जरा थांबा.

जुलेप अमेरिकेचा, केंटकी डर्बीच्या घोड्यांबरोबर नाव जोडलेला. आपल्याकडे महालक्ष्मीला फेब्रुवारीत इंडियन डर्बी होते, निमित्त हवं असेल तर तेच धरा. ६० मिली बर्बन (मक्यापासूनची अमेरिकन व्हिस्की), १५ मिली सिरप (आळशी रीतीचं तपकिरी), चार-पाच पानं हलकी दाबून, आणि वर डोंगरासारखा रचलेला चुरा बर्फ. लिंबू नाही, सोडा नाही. बर्फाचे खडे स्वच्छ नॅपकिनमध्ये बांधून लाटण्याने ठेचले की चुरा होतो. मूळ पद्धत चांदीच्या पेल्याची, पण स्टीलचा पेलाही बाहेरून तितकाच पांढरा गोठतो आणि तो प्रत्येकाच्या घरात असतो. बर्बन महाग पडते. एखादी गोडसर, धूर नसलेली व्हिस्की चालेल. धुराच्या वासाची स्कॉच मात्र पुदिन्याशी भांडते.

कोकम-पुदिना हा आपला घरचा ग्लास: ४५ मिली व्हाइट रम किंवा व्होडका, २५ मिली कोकम सिरप, १० मिली पुदिना सिरप, लिंबू फक्त ५ ते १० मिली कारण कोकम मुळातच आंबट, आणि सोडा. ग्लासाच्या काठाला लिंबू फिरवून काळं मीठ लावा. दोन सिरपं एकत्र झाली की हिरवा रंग कोकमात बुडून जातो, तेव्हा ताजा शेंडा वर हवाच. काजू फेणीबरोबर हे सर्वांत चांगलं लागतं. तिला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. गोव्याहून बाटली आणायची तर वाहतुकीचा परवाना काढून आणा. फेणीचा वास उग्र असल्याने आधी ३० मिलीच घाला.

गवती चहाचं सिरप २० मिली, जिन ४५ मिली, टॉनिक वॉटर आणि पुदिन्याचा शेंडा. याला कृती म्हणायचीही गरज नाही. टॉनिक स्वतःच गोड असतं म्हणून सिरप एवढंच.

न पिणाऱ्यांसाठी दारू नुसती वगळली तर पेय गुळचट होतं, कारण दारूचा तिखटपणा आणि पातळपणा दोन्ही जातात. तेव्हा सिरप पाच मिली कमी करा, लिंबू पाच मिली वाढवा, आल्याचा रस चमचाभर आणि चिमूटभर मीठ घाला, सोडा जरा जास्त. मिठाची युक्ती दारूच्या ग्लासांनाही लागू आहे: २० ग्रॅम मीठ ८० मिली पाण्यात विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत ठेवा, ग्लासात दोन-तीन थेंब. खारट लागत नाही, कडवटपणा मात्र दबतो.

आठ जण येणार असतील तर

दर ग्लासागणिक मोजत बसलात तर यजमान रात्रभर ओट्यापाशीच. मोहितोचं गणित आठाने गुणा: रम ३६० मिली, म्हणजे १८० मिलीच्या बरोबर दोन क्वार्टर, लिंबूरस १६० मिली, पुदिना सिरप १६० मिली. रम आणि सिरप सकाळीच जगमध्ये मिसळून फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. लिंबूरस पाहुणे येण्याआधी अर्ध्या तासात घाला, कारण आंबट आणि हरितद्रव्य एकत्र राहिले की जगमधल्या पेयाचा रंग गढूळ व्हायला लागतो, आणि सकाळी पिळलेला रसही संध्याकाळपर्यंत उतरतो. दहा-बारा लिंबं तरी आणून ठेवा. उन्हाळ्यात ती महाग असतात आणि रसही कमी देतात. सोडा आणि बर्फ जगमध्ये कधीच नाही. प्रत्येक ग्लासात बर्फ भरून जगमधलं ८५ मिली ओता आणि सोड्याची बाटली टेबलावर ठेवून द्या, ज्याला जेवढा हवा तेवढा तो घेईल.